पीसीओएस आणि शरीरसंबंध : अडतंय कुठे, ते आधी शोधा

पीसीओएसमध्ये, म्हणजे पाळी अनियमित करणाऱ्या आणि नको तिथे केस वाढवणाऱ्या हार्मोनच्या बिघाडात, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन वाढतं, म्हणजे कामेच्छाही वाढत असणार, असा समज सर्रास दिसतो. प्रत्यक्षात बायका डॉक्टरांकडे येतात त्या ‘मनच होत नाही’ म्हणत. टेस्टोस्टेरॉन थोडं वाढलं म्हणून इच्छा त्या मापात वाढत नाही. उलट तुटकी झोप, उदासी, हनुवटीवरच्या केसांची लाज, एखादी चालू गोळी, ‘मूल कधी?’ हा प्रश्न अशा आडवाटांनी ती आटत जाते. यातली तुमची वाट कोणती हे कळल्याशिवाय उपाय लागू पडत नाही.

त्यासाठी दोन महिने एक वही ठेवा. पाळीची तारीख, झोप, मूड, औषध सुरू केल्याची किंवा बदलल्याची तारीख आणि संबंधांबद्दल एक ओळ एवढं पुरे. मन होतं का, ओलावा आला का, दुखलं का, समाधान मिळालं का? नुसतं ‘दुखलं’ लिहून भागत नाही. ‘आत जाताना जळजळलं’ आणि ‘खोल आत कळ आली’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीमागे बहुधा कोरडेपणा, जंतुसंसर्ग किंवा योनीभोवतीचे स्नायू आवळले जाणं असतं. दुसरीत एंडोमेट्रिओसिससारखं (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं) काही आहे का, हे बघावं लागतं. पीसीओएस हे काही दुखण्याचं नेहमीचं कारण नव्हे. तेव्हा ‘पीसीओएस आहे ना, दुखणारच’ हे उत्तर मिळालं तर मुकाट्याने ऐकून घेऊ नका, तपासणी मागा.

आता औषधं. गर्भनिरोधक गोळ्या पाळी नियमित करतात, केस आणि मुरमं कमी करतात. पण त्यांनी रक्तातलं एसएचबीजी नावाचं प्रथिन वाढतं. ते टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवतं आणि मोकळं टेस्टोस्टेरॉन कमी होतं. बहुतेकींना इच्छेत फरक जाणवत नाही, काहींना जाणवतो. काहींना कोरडेपणाही येतो. नैराश्यावरच्या एसएसआरआय गटातल्या गोळ्यांनी इच्छा मंदावणं आणि परमोच्च सुखापर्यंत पोचायला फार वेळ लागणं, हा तर ओळखीचा दुष्परिणाम आहे. वहीतल्या तारखा जुळत असतील तर गोळी मनाने बंद करू नका. तारखा दाखवून बदलून मागा. बहुतेक वेळा पर्याय असतो.

कोरडेपणावर सोपा उपाय म्हणजे ल्युब्रिकंट, आणि तो कमीपणाचा मुळीच नाही. पाण्यावर आधारित घ्या, बोटभर योनीच्या तोंडाशी आणि तेवढंच जोडीदाराला लावा, सुकलं की पुन्हा लावा. लेटेक्सचा कंडोम असेल तर तेल किंवा पेट्रोलियम जेली अजिबात नको, रबर कमकुवत होऊन फाटतं. मूल हवं असेल तर वेष्टनावर ‘शुक्राणूंना अपाय न करणारं’ असा उल्लेख बघा, कारण नेहमीच्या बऱ्याच ल्युब्रिकंटमुळे शुक्राणूंची हालचाल मंदावते. ल्युब्रिकंट लावूनही प्रवेशाच्या वेळी आपोआप आवळलं जात असेल तर जोर लावणं थांबवा; जोराने ते आणखी आवळतं. ओटीपोटाच्या स्नायूंचं काम करणारी फिजिओथेरपिस्ट इथे खरी उपयोगी पडते.

केसांचं दुःख वरवरचं वाटतं, पण दिवा लावू न देण्यामागे कित्येकदा तेच असतं. रेझरने केस दाट होत नाहीत, फक्त टोक बोथट झाल्याने राठ लागतात. जांघेत मात्र रेझरपेक्षा ट्रिमर बरा, म्हणजे पुळ्या कमी येतात. लेझर अनेक बैठकांचा मामला आहे; गडद त्वचेला भाजू नये म्हणून लांब तरंगलांबीचं, म्हणजे एनडी-याग लेझर लागतं. आणि आतून औषध चालू नसेल तर केस परततात. औषधाचा परिणाम दिसायला किमान सहा महिने द्या. दोन महिन्यांत फरक नाही म्हणून सोडून दिलेली औषधं हा इथला सगळ्यात नेहमीचा घोटाळा. केसांवरचं स्पायरोनोलॅक्टोन हे औषध घेत असाल तर खात्रीचं गर्भनिरोधन हवंच, कारण मुलगा असलेल्या गर्भाच्या वाढीला त्याचा धोका असतो. मान, काख, जांघ काळी पडणं हा मळ नव्हे, वाढलेल्या इन्सुलिनची खूण आहे. घासून ती आणखी काळवंडते.

‘पाळीच येत नाही, मग दिवस कसे राहतील?’ या भरवशावर राहू नका. बीज पाळीच्या आधी सुटतं आणि पीसीओएसमध्ये ते कधी सुटेल याचा नेम नसतो. म्हणून सुरक्षित दिवस मोजण्याची पद्धत इथे कुचकामी. मेटफॉर्मिन (इन्सुलिनचा परिणाम सुधारणारी मधुमेहाची गोळी) सुरू झाल्यावर तर बंद पडलेलं बीज पुन्हा सुटू लागू शकतं. शंका असेल तर शेवटच्या असुरक्षित संबंधानंतर २१ दिवसांनी लघवीची चाचणी करा. चाचणी नकारात्मक आणि ९० दिवसांत पाळी नाही, तर डॉक्टरांना भेटा. पाळीविना गर्भाशयाचं अस्तर साचत, जाड होत राहतं आणि ते वर्षानुवर्षं चालणं धोक्याचं.

मूल हवं असणाऱ्यांची अडचण वेगळी. बीज सुटण्याचा दिवस सांगणाऱ्या पट्ट्या एलएच हार्मोन मोजतात, जे बीज सुटण्याच्या जरा आधी उसळतं. पीसीओएसमध्ये ते एरवीच चढं असू शकतं, त्यामुळे पट्टी खोटा होकार देते. मग फर्मान सुटल्यासारखा ‘आजच’चा संबंध, आणि त्यातून दोघांचाही मूड जातो. त्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड संबंध ठेवले तर तारीख धरायची गरज उरत नाही. बीज सुटतच नसेल तर लेट्रोझोल हे सहसा पहिलं औषध असतं.

झोप आणि मन यांना शेवटी ठेवू नका. मोठं घोरणं, सकाळी डोकं जड, दिवसा पेंग येणं अशी लक्षणं असतील तर झोपेत श्वास अडतो का हे तपासा. पीसीओएसमध्ये ते जास्त आढळतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल तर तो आळस नाही, नैराश्याची तपासणी करा. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन) हेही बघून घ्या, दोन्हींच्या बिघाडाने इच्छा कमी होते.

डॉक्टरांपुढे विषय काढायला जीभ अडते. ‘संबंधांबद्दल विचारायचं आहे, दोन मिनिटं देता का?’ एवढं वाक्य पुरतं, पुढचं वही बोलते. पीसीओएसच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही डॉक्टरांनी रुग्णाची परवानगी घेऊन या विषयावर बोलावं असं म्हटलं आहे. तुम्ही काही अगाऊपणा करत नाही.

जोडीदाराशी बोलायचं ते अंथरुणाबाहेर, दिवसाउजेडी. ‘तू नको आहेस’ आणि ‘आत्ता जळजळतंय’ यातला फरक त्याला सांगितल्याशिवाय कळत नाही.

आणि थोड्याच महिन्यांत आवाज घोगरा झाला, केस झपाट्याने वाढले किंवा योनीच्या वरचा दाणा, म्हणजे क्लिटोरिस, मोठा झाला, तर ते पीसीओएसच्या खाती टाकून गप्प बसू नका. त्याच आठवड्यात टेस्टोस्टेरॉन तपासा, अंडाशय आणि अधिवृक्क (मूत्रपिंडांवरच्या) ग्रंथींत गाठ नाही ना, हे पाहून घ्या.