एपीआयने संपादन परतवायला शिकताना

मराठी विकिपीडियावर गस्त घालायची, म्हणजे इतरांचे नवे बदल तपासायची इच्छा असेल आणि थोडंफार पायथन येत असेल, तर मीडियाविकीचा, म्हणजे विकिपीडिया ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरचा एपीआय (प्रोग्रॅममधून विनंत्या पाठवायची सोय) शिकाच. नको असलेला बदल परतवायचे त्यात दोन रस्ते आहेत. कोणता कधी घ्यायचा, हे मी नव्या मंडळींना कोडच्या आधी सांगते.

पहिला रोलबॅक, म्हणजे द्रुतमाघार. तुम्ही लेखाचं नाव आणि शेवटच्या संपादकाचं नाव पाठवता. त्या माणसाची सलग असलेली सगळी संपादनं एका झटक्यात जातात. एकच ओळ चुकली होती आणि बाकीची नऊ संपादनं चांगली होती, तरी दहाही जातात. म्हणून हे उघड नासधुशीसाठीच ठेवा. त्याला वेगळा अधिकार लागतो, तो योग्यच आहे. मध्येच दुसऱ्या कुणी संपादन केलं असेल तर ‘ऑलरेडी रोल्ड’ अशी त्रुटी येते. तेव्हा नाव बदलून पुन्हा विनंती मारू नका, आधी इतिहास उघडून बघा.

दुसरा अनडू. इथे आवृत्तीचा क्रमांक द्यायचा, तेवढाच बदल निघतो. नंतरच्या संपादनांनी तीच ओळ बदलली असेल तर सर्व्हर नकार देतो. मग हातानेच दुरुस्ती करावी लागते.

नवख्यांचा सगळ्यात जास्त वेळ जातो तो टोकनमध्ये, म्हणजे विनंती तुमचीच आहे हे पटवायला सर्व्हर देतो त्या सांकेतिक मजकुरात. रोलबॅकचं टोकन वेगळं, अनडूला सीएसआरएफ नावाचं टोकन. दोन्हींच्या शेवटी अधिक चिन्ह आणि उलटा तिरपा दंड असतो. विनंतीचा मजकूर हाताने जोडलात तर त्या अधिक चिन्हाची सर्व्हरवर रिकामी जागा होते आणि ‘बॅड टोकन’ परत येतं. मजकूर डिक्शनरीच्या रूपात रिक्वेस्ट्स लायब्ररीकडे द्या, ती एन्कोडिंग सांभाळते. टोकन मागणं आणि पोस्ट, म्हणजे बदलाची विनंती पाठवणं, एकाच सेशनमधून (त्याच लॉगिनमधून) व्हायला हवं, नाहीतर हीच त्रुटी पुन्हा.

सराव टेस्ट विकिपीडियावर करा. स्क्रिप्ट आपोआप चालवायची असेल तर आधी विकिपीडियाच्या संपादक-समाजाकडून बॉटची, म्हणजे आपोआप संपादन करणाऱ्या खात्याची परवानगी घ्या.

आणि संपादनाच्या सारांशाची जागा कधीही रिकामी सोडू नका. शाळकरी मुलगा आपल्या गावाची माहिती संदर्भाशिवाय घालतो, तेव्हा मी अनडू वापरते, सारांशात ‘माहिती चांगली आहे, पण संदर्भ हवा’ असं लिहिते आणि त्याच्या चर्चापानावर संदर्भ कसा जोडायचा ते दोन ओळींत सांगते.