गन ट्रस्टचा फॉर्म ४ दोनदा रिजेक्ट, शेवटी असा पास झाला (टेक्सास)

बंदुकीचा सायलेन्सर गन ट्रस्टच्या (हत्यारं ज्याच्या नावावर ठेवतात तो कायदेशीर ट्रस्ट) नावावर घ्यायचा होता, म्हणजे मी नसताना बायकोकडे राहिला तरी कायद्याचा लोचा नको. फॉर्म ४ (सायलेन्सर नावावर करून घ्यायचा अर्ज, अमेरिकेच्या एटीएफ या सरकारी खात्याकडे जातो) दोनदा परत आला, डोकं फिरलं. पहिल्यांदा वाटलं फोटो खराब आहे, नवीन काढला. मग ठसे परत दिले. उपयोग शून्य.

खरी चूक अशी, की ट्रस्टच्या कागदात बायको को-ट्रस्टी (माझ्यासोबत ट्रस्ट सांभाळणारी) आहे पण फॉर्मवर मी एकट्याचंच नाव टाकलेलं. १३ जुलै २०१६ पासून ट्रस्टमधल्या ज्याच्या हातात हत्याराचा ताबा असू शकतो त्या प्रत्येकाचे कागद लागतात, नुसता वारसदार असेल तर नाही.

मग या क्रमाने केलं. आधी ट्रस्टचं नाव कागदावरून अक्षर न अक्षर उतरवलं, स्वल्पविरामासकट. मग दोघांची नावं रिस्पॉन्सिबल पर्सन (म्हणजे असा ताबा असू शकणारे) म्हणून टाकली. दोघांचे वेगवेगळे ५३२०.२३ फॉर्म (रिस्पॉन्सिबल पर्सनची माहिती भरायचा फॉर्म), वर्षभराच्या आतले फोटो, दोघांच्या बोटांच्या ठशांच्या ईएफटी (डिजिटल) फाइल. नंतर ट्रस्टची सगळी पानं, नोटरीचं आणि शेड्यूलचं (ट्रस्टच्या मालमत्तेच्या यादीचं) पानसुद्धा, एकाच पीडीएफमध्ये. शेवटी दोघांच्या ५३२०.२३ ची आणि फॉर्म ४ ची कॉपी शेरीफकडे पाठवली, ती फक्त कळवण्यासाठी असते, सही मागायची नाही.

तिसऱ्यांदा पास. आणि हो, १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सरचा २०० डॉलर टॅक्स शून्य झालाय, मशीनगनचा मात्र तसाच आहे.