स्वस्तातला वायफाय स्पीकर घेताना या चुका टाळा

‘स्पीकर बिघडला आहे’ अशी तक्रार घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा स्पीकर ठणठणीत असतो. घोटाळा असतो तो राउटरच्या सेटिंगमध्ये किंवा खरेदीपूर्वी न विचारलेल्या एखाद्या प्रश्नात.

पहिली चूक म्हणजे वायफाय स्पीकर विकत घेऊन तो ब्लूटूथवर चालवणे. ब्लूटूथमध्ये आवाज फोन पाठवतो, त्यामुळे फोन वाजला की गाणे थांबते आणि फोन घेऊन गच्चीवर गेले की तुटते. वायफाय स्पीकर बहुधा गाणे इंटरनेटवरून स्वतः ओढून घेतो आणि फोन केवळ रिमोटचे काम करतो. जोडणीची दहा मिनिटे वाचवण्यासाठी हा फायदा सोडून देणारे लोक जादा पैसे कशासाठी मोजतात, हे मला उमगलेले नाही.

खोक्यावर ‘वायफाय’ छापलेले असले म्हणजे आपले अ‍ॅप त्यावर चालेलच असे नाही. अ‍ॅमेझॉनच्या एको स्पीकरमध्ये क्रोमकास्ट (फोनवरचे गाणे स्पीकरवर लावण्याची गूगलची सोय) नसते आणि गूगलच्या नेस्ट मिनी स्पीकरमध्ये एअरप्ले (अ‍ॅपलची तशीच सोय) नसते. घरात कोणते फोन आहेत आणि गाणी कोणत्या अ‍ॅपवर ऐकली जातात, हे आधी ठरवावे आणि त्या अ‍ॅपच्या मदत-पानावर स्पीकरचे नाव शोधावे. दुकानदाराच्या ‘सगळं चालतं’ या उत्तरावर मी विसंबत नाही.

सर्वाधिक मनस्ताप देणारी चूक मात्र गेस्ट नेटवर्कची, म्हणजे राउटरवर पाहुण्यांसाठी असलेल्या वेगळ्या वायफायची आहे. डोंबिवलीला राहणाऱ्या माझ्या एका मावसभावाचा नवा स्पीकर ‘अभंग लाव’ म्हटले की वाजायचा, पण फोनवरील यादीत त्याचे नाव काही केल्या दिसत नसे. त्याने तो दुकानातून बदलून आणला, दुसराही तसाच निघाला, आणि आता दुकानदाराशी भांडायला जायचे या तयारीत असताना त्याने मला बोलावले. फोन मुख्य नेटवर्कवर होता आणि स्पीकर पाहुण्यांसाठीच्या. घरातील उपकरणे सुरक्षिततेसाठी वेगळ्या नेटवर्कवर ठेवावीत, असे त्याने कुठल्याशा व्हिडिओत ऐकले होते. सल्ला मुळात चुकीचा नाही, परंतु मुख्य नेटवर्कवरील उपकरणे दिसू नयेत यासाठीच गेस्ट नेटवर्क असते. तोंडी आज्ञा इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जाते म्हणून ती चालते. फोनला मात्र स्पीकर घरातल्या घरात शोधावा लागतो. म्हणूनच कोणाकडेही गेलो की मी स्पीकरला हात लावण्यापूर्वी फोन आणि स्पीकर या दोहोंवरील नेटवर्कची नावे कागदावर लिहून घेतो. हे करायला कंटाळणाऱ्यांची गाडी बहुधा इथेच अडते.

वायफायचे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे वेगवेगळे पट्टे असतात आणि अनेक स्वस्त स्पीकर केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटरवर ५ गिगाहर्ट्झच सुरू ठेवले असेल तर ते जोडले जाणार नाहीत. राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीवर ठेवल्यासही जुने मॉडेल अडते.

गाणे अडखळते म्हणून इंटरनेटचा महागडा प्लॅन घेणे हा निव्वळ अपव्यय आहे. ३२० केबीपीएसच्या गाण्याला एक एमबीपीएससुद्धा लागत नाही आणि सीडीच्या दर्जाच्या, न दाबलेल्या आवाजाला सुमारे १.४ एमबीपीएस पुरतात. कारण बहुधा काँक्रीटची भिंत, लोखंडी कपाट किंवा चालू मायक्रोवेव्ह हे असते, तेव्हा आधी स्पीकरची जागा बदलून पाहावी.

खोक्यावरील पीएमपीओचे, म्हणजे आवाजाच्या क्षणिक कमाल ताकदीचे फुगवलेले आकडे वाचूच नयेत. डावा-उजवा अशी जोडी करायची असल्यास एकाच मॉडेलचे दोन स्पीकर घ्यावेत.

अडचण आली की लगेच फॅक्टरी रीसेट करण्याच्या सवयीचा मला विशेष राग आहे. रीसेटने सगळे सेटिंग पुसले जाते आणि मूळ कारण जागेवरच राहते. मार्च २०२५ मध्ये उपकरणाची ओळख पटवणाऱ्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपल्याने गूगलचे दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट आणि २०१९ मध्येच उत्पादन थांबलेले क्रोमकास्ट ऑडिओ ही उपकरणे एकाएकी बंद पडली, तेव्हा रीसेट करू नका असे कंपनीनेच कळवले होते. ज्यांनी ते आधीच केले होते, त्यांना दुरुस्तीचे अपडेट आल्यावरही जोडणीसाठी झगडावे लागले. मी आधी राउटर बंद करून पुन्हा सुरू करतो, मग स्पीकर, मग अ‍ॅप, आणि रीसेटचे बटण या सगळ्यानंतर.