ऑफिसची टोळी परदेशी कॉन्फरन्सला निघालीय? या चुका टाळा

सप्टेंबरात अ‍ॅमस्टरडॅमला भरणाऱ्या आयबीसीला, म्हणजे टीव्ही-व्हिडिओ तंत्रज्ञानाच्या कॉन्फरन्स आणि प्रदर्शनाला, आम्ही बडोद्याहून चौघं गेलो: साहेब, आमचा एडिटर, सोशल मीडिया सांभाळणारी मुलगी आणि मी. एकटा जाणारा माणूस धास्तीनं चारदा कागद तपासतो. चौघं असले की प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्यानं बघितलं असेल. आमच्या बहुतेक चुका तिथूनच निघाल्या.

व्हिसा 'सगळ्यांचा' नसतो

शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा 15 दिवस आधी. शेवटच्या तारखेवर विसंबू नका. अपॉइंटमेंट माणशी वेगळी लागते. आम्ही चौघं एका गाडीतून अहमदाबादला बोटांचे ठसे द्यायला गेलो आणि तिथे कळलं की अपॉइंटमेंट तिघांचीच आहे. ती मुलगी दुपारपर्यंत बाहेर टपरीवर चहा पीत बसली आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा एकटी 110 किलोमीटर गेली. आधी दिलेले ठसे 59 महिने चालतात; जुना व्हिसा असेल तर अर्जात लिहा.

"आलोच आहोत तर पॅरिस करू" हे तर ठरलेलंच. पण अर्ज जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा असतो. कॉन्फरन्स 4 दिवसांची आणि पॅरिस 5 दिवसांचं, तर फाइल फ्रान्सकडे जाते. विमा किमान 30,000 युरोंचा हवा.

आपल्या मराठी नावांचा एक खास घोळ आहे. पासपोर्टावर बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकाच ओळीत असतं, आडनाव वेगळ्या. तिकिटावर मात्र एजंट वडिलांचं नाव गाळतो, आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांचं तिसरंच काही छापलं जातं. पासपोर्ट समोर ठेवूनच तिकीट आणि बॅजचं नाव भरा.

बॅग भरताना

एडिटरनं कॅमेऱ्याच्या सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक मोठ्या सुटकेसमध्ये टाकल्या. मुंबईला बॅग उघडायला बोलावणं आलं आणि सगळे खोळंबलो. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच. 100 वॉट-अवरच्या आत असल्या की सहसा अडचण येत नाही, 20,000 एमएएचची पॉवर बँक साधारण 74 भरते. आपली तीन गोल पिनांची पिन तिकडच्या सॉकेटात बसत नाही, पण व्होल्टेज आपल्यासारखंच 230 आहे. म्हणून चार अ‍ॅडॅप्टर घेऊ नका. एक अ‍ॅडॅप्टर आणि घरचा एक्स्टेन्शन बोर्ड, चौघांचे लॅपटॉप चार्ज.

साहेबांनी भेट द्यायला रावपुऱ्यातून दोन किलो पेढे घेतले होते. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे घरीच संपले, भाखरवडी गेली.

एक कार्ड, एक माणूस

स्किपोल विमानतळावरून थेट ट्रेन आहे. साधारण दहा मिनिटांत राय स्टेशन, तिथून प्रदर्शनाचं दार जवळच. बँकेचं कार्ड खांबाला टेकवून चढायचं आणि उतरल्यावर पुन्हा टेकवायचं. साहेबांनी मोठ्या मनानं आपलंच कार्ड चौघांसाठी टेकवायला सुरुवात केली. एका कार्डावर एकच प्रवासी. दुसऱ्यांदा टेकवलं की यंत्राच्या लेखी प्रवास संपला! आम्ही आमची कार्डं काढली तर तीही चालेनात. 2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नवी कार्डं परदेशी व्यवहारांसाठी बंद असतात, अ‍ॅपमधून चालू करावी लागतात. ते बडोद्यातच करा, कारण तिथल्या फलाटावर ओटीपीची वाट बघण्यात मजा नाही. मशीननं "रुपयांत की युरोत" विचारलं की युरो निवडा, रुपयांत दर महाग पडतो.

घोळका

ही सगळ्यांत महागात पडलेली चूक. डझनभराहून जास्त हॉल, आणि आम्ही पहिला दीड दिवस चौघं एकत्र फिरलो. एकच डेमो चौघांनी बघितला, प्रश्न फक्त साहेबांनी विचारले, बाकी आम्ही माना हलवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मुलीनंच वैतागून नकाशावर पेनानं हॉल वाटून टाकले. संध्याकाळी कॉफीवर भेटलो तेव्हा पहिल्यांदा एकमेकांना सांगायला काही होतं. हे विमानात बसण्याआधी करा, आणि साहेबांना त्यांचा हॉल ठरवून द्या, नाहीतर ते कोणाच्या तरी मागे येतातच.

व्हिजिटिंग कार्डाच्या मागे तिथल्या तिथे दोन शब्द लिहा. आमच्याकडे परत येताना गठ्ठाभर कार्डं होती, आणि स्वस्त लाइव्ह स्ट्रीमिंगवाला नेमका कुठला, यावर ऑफिसात अजून वाद चालू आहे.

आणि हो, सप्टेंबरात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. अलकापुरीतला क्लायंट सकाळी दहाला निवांत फोन करतो तेव्हा तिकडे साडेसहा वाजलेले असतात. फोन सायलेंटवर ठेवा.