थीममधला फॉर्म तपासताना या चुका टाळा

वर्डप्रेस थीममध्ये चौकशीचा फॉर्म बसवला, की बरेच जण रकान्यांना ‘रिक्वायर्ड’ (भरणं सक्तीचं) लावतात, मोबाईल नंबरला ‘पॅटर्न’ (ठरलेला साचा) देतात आणि तपासणी झाली असं समजतात. ही तपासणी ब्राउझरपुरती. डेव्हलपर टूल्स उघडून ती कुणीही पुसू शकतं, आणि स्पॅम बॉट तर तुमचं पान न उघडताच थेट पोस्ट रिक्वेस्ट, म्हणजे भरलेल्या फॉर्मचा डेटा, सर्व्हरला पाठवतो. भरणाऱ्याच्या सोयीसाठी ती असू द्या, पण निकाल सर्व्हरवर पीएचपीतच (वर्डप्रेसच्या भाषेतच) लावा. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. जास्त घोळ त्यानंतर होतो: सर्व्हरवर तपासणी लिहिली जाते आणि ती भलत्याच माणसाला अडवते.

नावाला रेगेक्स

इंग्रजी ट्युटोरियलमधून उचललेला रेगेक्स (कोणती अक्षरं चालतील ते सांगणारा साचा) नावात फक्त ए ते झेड आणि मोकळी जागा चालवून घेतो. ‘सुनीता’ लिहिणाऱ्या बाईंना ‘कृपया योग्य नाव लिहा’ असं उत्तर मिळतं. मग कुणी सुचवतं, युनिकोडचा, म्हणजे सर्व लिप्यांच्या चिन्हांच्या जागतिक यादीतला, ‘लेटर’ वर्ग वापर. तरी सुनीताबाई बाहेरच! कारण युनिकोडच्या हिशेबात स, न, त ही अक्षरं. उकार, वेलांटी, काना, अनुस्वार आणि जोडाक्षरातलं हलन्त चिन्ह ‘मार्क’ या वेगळ्या वर्गात जातात. तो वर्गही घ्यावा लागतो आणि रेगेक्सच्या शेवटी ‘यू’ मॉडिफायर (मजकूर युनिकोड म्हणून वाचायची खूण) लावावा लागतो. एवढं करूनही कऱ्हाडे अडकू शकतात. काही कीबोर्ड हा अर्धा र लिहिताना झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह घालतात, आणि ते या दोन्ही वर्गांत बसत नाही.

माझं स्पष्ट मत आहे की नावाला रेगेक्स लावूच नये. रिकामं नाही ना आणि अवाच्या सवा लांब नाही ना, एवढं पुरे. लांबी मात्र ‘स्ट्रलेन’ने मोजू नका, ‘एमबी_स्ट्रलेन’ने मोजा. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, त्यामुळे ‘सुनीता’तली ६ चिन्हं स्ट्रलेनला १८ वाटतात. ‘सबस्ट्र’ने बाइट मोजून मजकूर कापला, तर शेवटी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उरतं.

मराठी अंक

मराठी कीबोर्डवरून देवनागरी अंकांत लिहिलेला मोबाईल नंबर ‘ॲबसिंट’ या पूर्णांक करणाऱ्या फंक्शनमधून गेला, की त्याचं शून्य होतं. ‘इज_न्यूमेरिक’ही त्याला संख्या मानत नाही. आधी ‘स्ट्रटीआर’ने अंक इंग्रजीत बदला, मोकळ्या जागा आणि आडव्या रेघा काढा, सुरुवातीचं +९१ किंवा ० काढा, मग ६ ते ९ पैकी एका अंकाने सुरू होणारे १० अंक उरतात का ते पाहा. दुबईहून कोकणातल्या होमस्टेची चौकशी करणारा मराठी माणूस या नियमात गळतो. परदेशी नंबर चालवायचे असतील तर अधिक चिन्ह आणि जास्तीत जास्त १५ अंक असा वेगळा नियम ठेवा. पिनकोडचे ६ अंक, पहिला शून्य नाही. नंबर आणि पिनकोड दोन्ही मजकूर म्हणूनच साठवा, त्यांची बेरीज कुणी करणार नाही.

आणखी एक: ‘सोबत मुलं किती?’ यात ० भरलं की पीएचपीचं ‘एम्प्टी’ त्याला रिकामा रकाना समजतं.

आधी साफ, मग तपासणी

बरेच जण याच क्रमाने जातात, आणि तो उलटा आहे. ‘सॅनिटाइझ_ईमेल’ ईमेल पत्त्यातली मधली मोकळी जागा गुपचूप गाळतं, पत्ता वैध दिसू लागतो आणि उत्तर कुणा तिऱ्हाइताला जातं. आधी ‘इज_ईमेल’ने तपासा, चुकलं असेल तर भरणाऱ्याला सांगा. सांगताना बाकीचे रकाने भरलेले राहू द्या. सगळं पुन्हा लिहायला लावलं तर माणूस सरळ निघून जातो.

साफ करणारं फंक्शनही पाहून निवडा. ‘सॅनिटाइझ_टेक्स्ट_फील्ड’ पत्त्याच्या चार ओळींची एक ओळ करतं, तिथे ‘सॅनिटाइझ_टेक्स्टएरिया_फील्ड’ हवं. ‘सॅनिटाइझ_की’ तर फक्त छोटी इंग्रजी अक्षरं, अंक, हायफन आणि अंडरस्कोर ठेवतं. ड्रॉपडाउनची किंमत ‘नाश्ता’ असेल तर हाती काहीच लागत नाही.

वसई किंवा गोव्यातल्या डि'सोझांच्या नावात उलटी तिरकी रेघ दिसते का? वर्डप्रेस फॉर्ममधून येणाऱ्या सगळ्या डेटात अवतरणचिन्हांआधी ही रेघ, म्हणजे बॅकस्लॅश, जोडतं. पोस्ट मेटात (लेखासोबतच्या जास्तीच्या माहितीत) साठवताना ते ती स्वतःच काढतं, ऑप्शनमध्ये (साइटच्या सेटिंग्जमध्ये) साठवताना काढत नाही, म्हणून तोच फॉर्म एकीकडे बरा आणि दुसरीकडे बिघडलेला दिसतो. सर्वांत आधी ‘डब्ल्यूपी_अनस्लॅश’, मग बाकीचं. आणि पानावर दाखवताना मजकूर कोड म्हणून चालू न देणारं ‘एस्क_एचटीएमएल’ किंवा ‘एस्क_ॲट्र’ लागतंच, साठवताना कितीही साफ केलेलं असो.

दोष तपासणीत नसतो तेव्हा

फॉर्म पाठवल्यावर ४०४ (पान सापडलं नाही) येतं? रकान्याचं नाव ‘नेम’, ‘इयर’ किंवा ‘डे’ आहे का बघा. ही वर्डप्रेसची स्वतःची क्वेरी व्हेरिएबल्स आहेत, म्हणजे कोणतं पान दाखवायचं ते त्यांवरून ठरतं. रकान्याच्या नावाला तुमच्या थीमचा उपसर्ग लावा.

तुमच्याकडे चालतो आणि ग्राहकाकडे नाही? बहुधा ‘ॲडमिन_पोस्ट’ हा हुक (आपला कोड जोडायची जागा) लावलाय आणि ‘ॲडमिन_पोस्ट_नोप्रिव्ह’ राहिलाय. पहिला फक्त लॉगिन केलेल्यांसाठी असतो, आणि डेव्हलपर नेहमी लॉगिन असतो!

सकाळी चालतो, दुसऱ्या दिवशी ‘नॉन्स’ (फॉर्मसोबतचा तात्पुरता सुरक्षा कोड) चुकीचा म्हणतो? पान कॅशमध्ये (साठवलेल्या जुन्या प्रतीत) अडकलंय. नॉन्सचं आयुष्य १२ ते २४ तास. कॅशचा कालावधी १२ तासांहून कमी ठेवा किंवा ते पान कॅशमधून वगळा.

थीम वर्डप्रेसच्या अधिकृत डिरेक्टरीत द्यायची असेल, तर कस्टमायझरच्या (थीमचं रूप बदलायच्या पडद्याच्या) प्रत्येक सेटिंगला ‘सॅनिटाइझ_कॉलबॅक’, म्हणजे किंमत साफ करणारं फंक्शन, हवंच. चौकशा साठवणारा कोड मात्र तिथे प्लगइनचं काम मानला जातो, आणि ते रास्तच आहे: ग्राहकाने उद्या थीम बदलली, तरी त्याच्या चौकशा येत राहायला हव्यात.