मिनी ट्रॅक्टर पिकअपमध्ये चढवायचा रॅम्प : या चुका टाळा

द्राक्षबागेतला छोटा ट्रॅक्टर, पॉवर टिलर किंवा बुलेट पिकअपच्या हौद्यात चढवायची झाली की आपल्याकडे दोनच प्रकार दिसतात. एक तर बांधकामावरच्या दोन फळ्या, नाही तर फॅब्रिकेशनच्या दुकानातून करून आणलेला, चार माणसांनाही उचलताना नको होणारा लोखंडी रॅम्प. फळ्या मोडतात, आणि जड रॅम्प घरीच राहतो. मग वेळेला पुन्हा फळ्याच निघतात. मजबूत आणि हलका या दोन गोष्टी एकत्र जमतात. त्यासाठी लोखंड पातळ करायचं नाही, ते योग्य जागी आणि योग्य दिशेने लावायचं. बहुतेक चुका इथेच होतात.

वजन धरताना ट्रॅक्टरचं धरायचं नाही, चाकाचं धरायचं

"ट्रॅक्टर आठशे किलोचा, चाकं चार, म्हणजे चाकाला दोनशे" हा हिशेब सर्रास ऐकू येतो आणि तो चुकीचा आहे. ट्रॅक्टरचं जास्त वजन मुळात मागच्या चाकांवर असतं. तोंड वर करून चढताना ते आणखी मागे सरकतं. त्यात चालक बसलेला, आणि मागे उचललेला दोनशे किलोचा रोटाव्हेटर. रोटाव्हेटर मागच्या आसाच्याही मागे लटकतो, त्यामुळे स्वतःचं वजन तर टाकतोच, वर पुढची चाकं उचलून त्यांचा भारही मागे ढकलतो. असं सगळं धरलं की एका मागच्या चाकाखाली साडेचारशे ते पाचशे किलो येतात. एक रॅम्प पाचशे किलोला धरा, आणि रोटाव्हेटर काढून वेगळा चढवा. काढायचा कंटाळा येतो हे मान्य, पण बऱ्याच घसरगुंड्या तिथूनच सुरू होतात.

आखूड रॅम्प

पिकअपचा हौदा जमिनीपासून साधारण ८५ सेंटिमीटर उंच धरू. सहा फुटी रॅम्प लावला तर चढ जवळपास २८ अंशांचा होतो, आठ फुटीला २१, दहा फुटीला १६. वजन वाचवायला म्हणून रॅम्प आखूड करतात, पण २८ अंशांवर ट्रॅक्टरचं नाक उचलण्याचा धोका खरा असतो. शिवाय वरच्या टोकाला, जिथे चढ संपून हौदा सपाट होतो, तिथे मधलं पोट घासतं. पोट टेकलं की मागची चाकं अधांतरी होतात आणि ट्रॅक्टर पुढेही जात नाही, मागेही येत नाही. लांबी उंचीच्या साडेतीन पट तरी ठेवा. दहा फूट, म्हणजे ३ मीटर, या मापाचा आणखी एक फायदा आहे. पाइप ६ मीटरचा येतो, दोन पाइपांत चार रेल (रॅम्पच्या दोन्ही कडांचे लांब पाइप; डाव्या-उजव्या चाकांसाठी रॅम्प दोन, प्रत्येकाला रेल दोन) बरोबर निघतात, तुकडा वाया जात नाही.

आठ फुटी रॅम्प करणाऱ्याकडे दर पाइपामागे चार फुटी तुकडा उरतो. मग पुढच्या गिऱ्हाइकासाठी असे दोन तुकडे मध्ये जोडून रेल तयार होते. जोड नेमका मध्यावर, आणि सर्वांत जास्त ताणही मध्यावर. वरून ग्राइंडर फिरवून रंग मारला की तो जोड दिसतही नाही. रेल अखंड आहे ना, हे रंगाआधी डोळ्यांनी बघून घ्या.

चॅनेल आडवा टाकणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक, म्हणून जरा सविस्तर.

दुकानात ७५ बाय ४० मिलिमीटरचा चॅनेल, म्हणजे इंग्रजी U च्या आकाराचा लोखंडी सेक्शन, असतो. चाक त्या पन्हळीतून सरळ जाईल, बाजूला घसरणार नाही, असं म्हणून तो आडवा, दोन्ही कडा वर करून टाकतात. कल्पना छान वाटते. पण चॅनेलची ताकद त्याच्या उभ्या उंचीत असते. आडवा टाकला की तीच ताकद चौथ्या हिश्श्याच्याही खाली येते. वजन तेवढंच, पैसे तेवढेच, आणि काम पावपटही नाही.

चौकोनी पाइपाचंही तसंच. ८० बाय ४० चा, ३.२ मिलिमीटर जाडीचा पाइप उभा, म्हणजे ८० ची बाजू उभी ठेवून लावला, तर आडव्या लावलेल्या त्याच पाइपाच्या दीडपट भार घेतो आणि एक-तृतीयांशच वाकतो.

आता पाचशे किलोचा हिशेब करून बघू. चाक मध्यावर असताना वाकवणारा जोर म्हणजे भार गुणिले लांबी भागिले चार. ३ मीटरच्या रॅम्पला तो सुमारे ३,६०० न्यूटन-मीटर येतो. एका रॅम्पला दोन रेल, तर प्रत्येकीच्या वाट्याला १,८००. गावाकडे सगळे वापरतात तो ५० बाय ५० चा, ३ मिलिमीटरचा पाइप घेतला तर त्यात दर चौरस मिलिमीटरला २१५ न्यूटन ताण येतो. साधं पोलाद २४०-२५० च्या आसपास कायमचं वाकायला लागतं. म्हणजे क्लच झटक्याने सुटला किंवा चाक एका बाजूने गेलं की संपलं. उभ्या ८० बाय ४० मध्ये तोच ताण १२० वर येतो. जास्तीचं वजन किती? ५० चा पाइप मीटरला साधारण सव्वाचार किलो, ८० बाय ४० चा साडेपाच. ३ मीटरच्या एका रेलमागे साडेतीन-चार किलो जास्त, त्या बदल्यात ताकद पावणेदोन पट. रॅम्प बनवताना याहून स्वस्त सौदा मिळणार नाही.

पाइप घेताना जाडीवर विश्वास ठेवू नका, काट्यावर ठेवा. ८० बाय ४० बाय ३.२ चा अखंड ६ मीटरचा पाइप ३३ किलोच्या आसपास भरतो. २६-२७ भरला तर तो अडीच मिलिमीटरचा आहे, दुकानदार काहीही म्हणो.

सगळं वजन चेकर प्लेटमध्ये

रेल हलकी करायला भांडायचं आणि वर ५ मिलिमीटरची चेकर प्लेट (उठावाची नक्षी असलेला जाड पत्रा) ठोकायची, हे रोजचं. फूट-सव्वाफूट रुंद, ३ मीटर लांब अशा एका रॅम्पवर ही प्लेट एकटीच ४० किलोच्या पुढे जाते. तीही पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बसला की गुळगुळीत होते, नक्षी चिखलाखाली बुडते.

प्लेटऐवजी आडवे दांडे लावा. २५ बाय २५ चा, २.६ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप, दर १५ सेंटिमीटरला एक. चिखल मधून खाली पडतो, टायरची नक्षी दांड्याला धरते. २५ चा तीन मिलिमीटरचा अँगल वापरून बचत करायला जाऊ नका. रेलमधलं अंतर २७ सेंटिमीटर असताना टायरचा भार एखाद्या दांड्यावर जरी एकवटला तरी तो अँगल वाकतो. एवढं सगळं करून एक दहा फुटी रॅम्प ४५ ते ५० किलोंत बसतो. दोन माणसं आरामात उचलतात. प्लेटवाला याच लांबीचा ८० किलोंच्या घरात जातो.

दांडे पाच सेंटिमीटर वर उचलून जिन्यासारखे करू नका, चाक प्रत्येक पायरीवर आपटतं. रेलच्या वरच्या पातळीला किंवा जेमतेम सेंटिमीटरभर वर, एवढं पुरे. बाजूने टायर उतरू नये म्हणून रेलवर २०-२५ मिलिमीटरची पट्टी उभी करा. रुंदी ठरवताना ट्रॅक्टरच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर वेगवेगळं असतं हे विसरलात, तर पुढची चाकं रॅम्पवर आणि मागची अर्धी हवेत अशी गत होते. दोन्ही मोजा, आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत.

रॅम्प मोडत नाही, निसटतो

सगळ्यांचं लक्ष मध्यावर असतं, अपघात मात्र वरच्या टोकाला होतात. चढतानाचा क्षण नीट डोळ्यांपुढे आणा. पुढची चाकं हौद्यात गेली आहेत, मागची अजून रॅम्पवर आहेत. चालक ट्रॅक्टर पुढे घ्यायला थोडा रेस देतो. मागची चाकं पुढे जाण्यासाठी ज्याला धरून मागे ढकलतात, तो रॅम्पच असतो. वरच्या टोकाला नुसती वाकवलेली पट्टी फाळक्यावर (हौद्याच्या मागच्या उघडणाऱ्या दारावर) टेकवलेली असेल, तर ती पट्टी सरकते, रॅम्प मागे सटकतो आणि ट्रॅक्टर मागच्या अंगावर बसतो.

म्हणून टेकवायची पट्टी पुरत नाही. आकडा हवा आणि आकड्याला पिन किंवा साखळी हवी. साखळी फाळक्याला नाही, चेसिसच्या भक्कम भागाला. फाळक्याच्या बिजागऱ्या या ओढीसाठी केलेल्या नसतात. आकडा थोडा सैल ठेवा, कारण भार येताच पिकअपचे पाटे (स्प्रिंगा) दबतात, हौदा खाली येतो आणि रॅम्पचा कोन बदलतो. अगदी घट्ट बसवलेला आकडा मग वेल्डिंगच्या मुळाशी चिरतो. ही चीर केसाएवढी असते, रंगाखाली गंजाची तपकिरी रेघ दिसली की समजायचं.

ट्रॅक्टरची दोन चाकी ट्रॉली असेल तर आणखी एक भानगड. ती ट्रॅक्टरला जोडलेली नसताना मागे भार आला की पुढचं नाक वर उठतं. मागच्या कडेखाली घोडी (टेकू) लावल्याशिवाय चढवू नका. पिकअपलाही हँडब्रेकवर सोडू नका, चाकांना पुढून ठोकळे लावा, चढणारा ट्रॅक्टर तिला पुढे ढकलत असतो.

मिनी ट्रॅक्टर शक्यतो रिव्हर्सने चढवा आणि पुढे तोंड करून उतरवा. जड बाजू चढाच्या वरच्या अंगाला राहते, नाक उचलायचा प्रश्न येत नाही, आणि ओढणारी चाकं आधी हौद्यात पोचतात. गिअर सगळ्यांत खालचा, रॅम्पवर क्लच दाबायचा नाही. दिशा सांगणारा माणूस बाजूला उभा राहील, रॅम्पच्या रेषेत कुणीही नाही. पॉवर टिलरची लोखंडी केज व्हील काढून रबरी चाकं घाला.

वेल्डिंग

एका बाजूने सुरू करून दुसऱ्या टोकापर्यंत दांडे जोडत गेलं की रेल केळीसारखी वाकते. आधी सगळ्या दांड्यांना टाके, मग एक इकडचा, एक तिकडचा असं करत पूर्ण वेल्ड. रेलच्या खालच्या कडेला, मधल्या भागात, काहीही वेल्ड करू नका आणि भोकंही पाडू नका. तिथे ओढ सर्वाधिक असते. उचलायचा हँडल बाजूला, मध्यरेषेवर लावा. जस्ताचा पाइप असेल तर जोडाजवळचं जस्त आधी घासून काढा, उघड्यावर काम करा. तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री ताप भरतो.

पाइपाची टोकं बंद करा. उघडी राहिली तर पावसाचं पाणी आत साचतं आणि रॅम्प आतून कुजतो, बाहेरून नवा दिसत असताना.

अ‍ॅल्युमिनिअमचा मोह

वजन एक-तृतीयांश, हे खरं. पण त्याच मापाचा पाइप वाकतोही तिप्पट. वेल्डिंग केलेल्या पट्ट्यात ६०६१ सारख्या चांगल्या मिश्रधातूचीही ताकद निम्म्याच्या आसपास उतरते, आणि खिडक्या-दारांना वापरतात ते ६०६३ मुळातच मऊ असतं. मोटारसायकलीसाठी बोल्टने जोडलेला अ‍ॅल्युमिनिअमचा रॅम्प जरूर करा. ट्रॅक्टरसाठी भंगारातले सेक्शन नकोत.

चढवण्याआधीची चाचणी

रॅम्पवर उभं राहून उड्या मारणं ही चाचणी नाही. दोन्ही टोकं विटांच्या थप्पीवर ठेवा. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सुतळी ताणून मध्यावरचं अंतर मोजा. मग मध्यभागी सिमेंटची ५० किलोंची दहा पोती रचा आणि पुन्हा मोजा. उभ्या ८० बाय ४० ची रेल साधारण सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर लवेल. पोती उतरवल्यावर सुतळीचं अंतर पहिल्याएवढं आलं तर रॅम्प उत्तीर्ण. दोन मिलिमीटरचा जरी बाक राहिला तरी पाइप पातळ आहे किंवा जोड फसवा आहे. असा रॅम्प गॅसने तापवून सरळ करतात, पण ती रेल बदलायची असते. एक रेल दुसरीपेक्षा जास्त लवली तर दोन्हींची जाडी कॅलिपरने मोजा, बहुतेक वेळा एक पाइप वेगळ्या गेजचा निघतो. भार उतरल्यावर रॅम्प पिळलेला दिसला तर खालच्या बाजूने, मधला भाग सोडून, दोन्ही टोकांकडे एक-एक तिरकी पट्टी टाका.