टँग पाळायचाय? मग आधी बकरी समजून घ्या

आमच्या सीकेपी घरात मासे दोन ठिकाणी असतात, ओट्यावर आणि दिवाणखान्यातल्या टाकीत. चेंदणी कोळीवाड्यातून मासे घेऊन येणारी मावशी एकदा पापलेटं ठेवून टाकीसमोर उभी राहिली. "वयनी, ह्यो पिवला काय खातो?" मी म्हटलं, शेवाळ. "आन दिवसभर?" दिवसभर. "म्हंजे बकरीच की गो ही!"

सहा वर्षं खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळतेय, पण टँगबद्दल इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं. टँग म्हणजे सर्जनफिश. शेपटीच्या बुंध्याशी दोन्ही बाजूंना वस्तऱ्यासारखा काटा असतो, त्यावरून हे नाव पडलं. यांच्या ऐंशीच्या वर जाती आहेत आणि बहुतेक दिवसभर खडकावरचं शेवाळ खुडत हिंडतात. लांबवर चरायला जाणं, आपलं कुरण राखणं आणि उपाशी राहिलं की झपाट्याने वाळणं, हे तिन्ही बकरीचे गुण त्यांच्यात आहेत.

म्हणून मासा बघायला जाण्याआधी भिंतीला टेप लावा. टाकी किती लिटरची, यापेक्षा ती किती लांब आहे हे टँगसाठी महत्त्वाचं. चार फुटी टाकीत मी फक्त कोल किंवा टोमिनी हे छोटे टँग घेईन, कारण ते पंधरा-अठरा सेंटिमीटरवर थांबतात. पिवळा येलो टँग 20 सेंटिमीटरपर्यंत जातो, त्याला पाच फूट तरी हवेत. मुलांना ज्याचं फार वेड असतं तो निळा टँग दुकानात दोन इंचांचा दिसतो आणि पुढे फूटभर होतो, त्याला सहा फूट. सेलफिन आणि नासो तर 40 सेंटिमीटरच्या घरात जातात. फ्लॅटमध्ये ते आणूच नयेत असं माझं मत आहे, दुकानदार काहीही म्हणो.

माझी टाकी पाच बाय दोन बाय दोन फुटांची आहे. नुसतं पाणी साडेपाचशे लिटरच्या वर, म्हणजे तितकेच किलो, शिवाय काच, दगड आणि स्टँड. आमची नौपाड्यातली इमारत जुनी. घराच्या स्लॅबचा हिशेब साधारण चौरस मीटरला दोनशे किलो धरून केलेला असतो. म्हणून आधी इंजिनिअरला घरी बोलावलं आणि टाकी त्याने दाखवलेल्या बीमवर, भिंतीला लागून ठेवली. सोसायटीत कुणी "जरा बघू" म्हणाला, तर त्याला बघू द्या.

पाण्याचं थोडक्यात सांगते. खाडी जवळ आहे म्हणून तिथलं पाणी आणू नका. त्यात सांडपाणी असतं आणि पावसाळ्यात त्याचा खारेपणाही राहत नाही. आरओच्या पाण्यात मत्स्यालयाचं मीठ लिटरला 35 ते 40 ग्रॅम घालायचं, घनता 1.025 ठेवायची आणि तापमान 25-26 अंश. ठाण्याच्या मे महिन्यात पंख्यांनी भागत नाही, कारण हवाच इतकी दमट असते की पाणी हवं तेवढं थंड होत नाही. चिलर लागतोच. जेवढं पाणी उडून जाईल तेवढं साधं आरओचं पाणी भरा, मिठाचं नको, कारण मीठ मागेच राहिलेलं असतं. दगड सिरॅमिकचे घ्या, प्रवाळाचे नको. आपल्याकडे प्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्या भानगडीत पडू नका.

आता निवड. पापलेट घेताना मावशीसमोर आपण कल्ला उचलून बघतो, तोच चोखंदळपणा इथे दाखवायचा. टँगला समोरून बघा. पोट आत गेलेलं असेल, डोळ्यांच्या वर कपाळ खोबणीसारखं बसलेलं असेल, तर तो बरेच दिवस उपाशी आहे. कल्ले धापा टाकल्यासारखे हलत असतील किंवा अंग दगडावर घासत असेल, तर रंग कितीही सुंदर असो, नाही म्हणा. आणि पैसे देण्याआधी त्याला खायला घालायला सांगा. मी नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या तावाचा, तुकडा पर्समध्ये घेऊनच जाते. पहिल्यांदा मला हसले होते.

ही अक्कल विकत घेतलेली आहे. माझा पहिला टँग पावडर ब्लू होता. आपल्याच हिंदी महासागरातला, श्रीलंका-मालदीवकडचा मासा. निळा असा की बाकी टाकी दिसेचना. दुकानदार म्हणाला, "घरी गेला की खाईल." पोट आत गेलेलं दिसत होतं, तरी आणला. चौथ्या दिवशी अंगावर मिठाचे दाणे शिंपडल्यासारखे ठिपके आले, सातव्या दिवशी गेले. मी खूश. दहाव्या दिवशी दुपटीने आले आणि अकराव्या दिवशी मासा गेला.

तो खाऱ्या पाण्यातला इच, क्रिप्टोकॅरिऑन नावाचा परजीवी. ठिपके जातात तेव्हा रोग बरा झालेला नसतो. परजीवी मासा सोडून खाली वाळूवर पडतो, स्वतःभोवती कवच करतो आणि त्यातून शेकडो पिल्लं बाहेर येऊन पुन्हा मासा शोधतात. टँगला हा रोग इतरांपेक्षा लवकर धरतो. लसूण चोळलेलं खाणं, जास्त दिवे, कशाने तो मरत नाही. म्हणून नवीन टँग महिनाभर वेगळ्या, रिकाम्या तळाच्या टाकीत ठेवायचा. तिथे वाळू किंवा दगड नको, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे पुरतात. गरज पडली तर तांब्याचं औषध तिथेच, टेस्ट किटने रोज मोजून द्यायचं. मोठ्या टाकीत तांबं घातलंत तर गोगलगायी आणि कोळंब्या मरतील आणि दगड ते शोषून घेतील. मोठ्या टाकीत रोग शिरलाच, तर सगळे मासे बाहेर काढून ती अडीच महिने माशांविना चालू ठेवावी लागते. मी ठेवली आहे. घरी येणारा प्रत्येक जण विचारायचा, मासे कुठे गेले?

खाण्याचं गणित सोपं आहे, पण रोजचं आहे. सुशीसाठी मिळते ती नोरी घ्या, तेल-मीठ-मसाला न लावलेली. सकाळी अर्धा ताव चिमट्याने काचेला लावायचा आणि संध्याकाळी उरलेला काढायचा. पालक उकडून घालणारे पुष्कळ आहेत. मासा खातोही, पण समुद्रात पालक उगवत नाही, त्यावर त्याचं पोषण होत नाही. खाणं निकस असेल तर पुढे डोळ्यांमागे आणि अंगावरच्या रेषेवर खड्डे पडू लागतात. आठवड्यातून दोनदा मावशीकडची ताजी करंदी, अगदी बारीक चिरून. निळ्या टँगला हे जास्त लागतं, कारण समुद्रात तो पाण्यातले बारीक जीवही टिपतो. कोल मात्र नोरीकडे बघतही नाही कधी कधी. त्याचे दात ब्रशसारखे असतात, तो दगडावरची पातळ साय खरवडून खातो. म्हणून सहा महिने जुनी, शेवाळलेली टाकी असल्याशिवाय त्याला आणू नका.

कुरणाची भांडणं ठरलेलीच. एकाच आकाराचे दोन टँग ठेवलेत की काटे निघतात. टँग सगळ्यात शेवटी सोडा, दिवे बंद करून. आधीचा मासा अंगावर येत असेल तर बाहेरून काचेला आरसा टेकवा. दोन-तीन दिवस तो स्वतःशीच भांडत बसतो. जाळीने पकडू नका, काटा जाळीत अडकतो. प्लास्टिकच्या डब्याने काढा. माझ्या अंगठ्यावर व्रण आहे.

येलो टँग महाग का, असं सगळे विचारतात. हा मूळचा हवाईकडचा, आणि तिथे मत्स्यालयांसाठी मासे पकडण्यावर 2017 पासून न्यायालयाचे निर्बंध आले. 2015 मध्ये हवाईतच त्याची पैदास टाकीत पहिल्यांदा साधली. तसा पैदाशीचा मिळाला तर दोन पैसे जास्त गेले तरी घ्या, तो तयार खाणं पटकन खातो. समुद्रात हा मासा 40 वर्षं जगू शकतो, हे घेताना लक्षात असू द्या. माझी मुलगी म्हणते, हा तिला रुखवतात मिळणार.

वीज गेली तर टँगला आधी प्राणवायू कमी पडतो, चिलर नंतरची गोष्ट. बॅटरीवरचा एअर पंप चार्ज करून ठेवा. आणि गणपतीला गावी जाताना शेजाऱ्यांच्या हातात नोरीचं पाकीट देऊ नका, प्रेमाने अख्खं घालतात. मी पाच छोट्या डब्यांवर वार लिहून प्रत्येकात एकेक तुकडा ठेवते आणि पाकीट कपाटात कुलूपबंद करून जाते.